ऑल आऊट केलं त्याची शिक्षा आम्हालेच?

आज टाळकं सरकलंय म्हणून लिहून राहिलो. बाजूच्या गावच्या टेनिस बॉल टूर्नामेंटमधून आमच्या पोट्ट्यांना नेट रनरेटवर बाहेर काढलं. तिन्ही टीम एकेक मॅच जिंकलेल्या, पॉइंट सारखे, इथपर्यंत ठीक. पण हिशेब पहा ना बापा! आठ ओव्हरची मॅच, आमच्या बॉलरांनी समोरच्यांना सहा ओव्हरमध्ये ४८ वर गुंडाळलं, आन टेबलावरचा भाऊ मोबाईलवर ४८ भागिले ६ करून मोकळा. रेट म्हणे आठ!

अरे, ऑल आऊट झालेल्या टीमच्या पूर्ण ओव्हर धरतात. आठ. म्हणजे रेट सहा. शेवटची विकेट न घेता दोन ओव्हर नुसतं टुकूटुकू खेळवलं असतं तर यांच्या हिशेबात आमचा रेट चांगला राहिला असता. हा कुठला न्याय?

नेट रनरेट म्हणजे काढलेले सगळे रन भागिले खेळलेल्या ओव्हर, त्यातून वजा दिलेले रन भागिले टाकलेल्या ओव्हर, बस. मॅचमॅचची सरासरी नाही काढायची, पूर्ण टूर्नामेंटची बेरीज एकत्र. आन ६.३ ओव्हर म्हणजे सहा ओव्हर तीन बॉल, कॅल्क्युलेटरवर साडेसहा, हेही तिथं कोणाला माहीत नव्हतं. मार्केटमध्ये काट्यावर किलोभर सोयाबीन मारलं तं आपण भांडतो, मंग इथं काऊन गप बसायचं?

हो, पोट्टेच वर्गणी काढून, वावर साफ करून टूर्नामेंट भरवतात, मान्य. पण एन्ट्री फी घेता ना?

मोठ्यांतही या नेट रनरेटच्या गणितानं घात केलाय. ५ सप्टेंबर २०२३, लाहोर, आशिया कप. श्रीलंकेचे २९१. पुढं जायला अफगाणिस्तानला ३७.१ ओव्हरमध्ये २९२ पाहिजे होते. त्याच ३७.१ च्या बॉलवर त्यांचा मुजीब आऊट, स्कोअर २८९, सगळ्यांना वाटलं संपलं. पण ३७.४ पर्यंत २९५ झाले असते तरी जमत होतं, म्हणजे एक सिक्सर! शेवटचा बॅट्समन फारुकीनं दोन बॉल नुसते अडवले, मंग तोही आऊट, अन राशिद खान दुसऱ्या टोकाला उभाच. अफगाणिस्तानचा तेव्हाचा कोच ट्रॉट नंतर म्हणाला, हे गणित आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं. जीव तुटतो हो असं पाहिलं की.

आमचा शेवटची विकेट घेणारा पोरगा नववीत आहे. गाडीवर मागं बसून मला विचारते, "काका, मी त्याले आऊट नसतं केलं तं बरं झालं असतं का?" काय सांगू त्याला?

कमिटीतले भाऊ ही पोस्ट वाचतच असतील. शेवटच्या लीग मॅचआधी किती ओव्हरमध्ये किती रन लागतात ते माईकवर सांगत जा. मी येतो टेबलावर बसायला, एक रुपया नको. फायनल रविवारी आहे, स्कोअरबुक तुमच्याकडंच आहे, आमची मॅच परत मोजा.