चुलीत गेलेली बैलगाडी

1972 च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. पुरंदर तालुक्यातलं आमचं गाव. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथं मिळालेली सुकडी पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. घरात भाकरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, घशाखाली उतरायची नाही.

एरवी आम्ही पोरं ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या करायचो. त्या साली धाटाला हात लावायची सोय नव्हती. कडबा म्हणजे बैलाच्या तोंडचा घास. बैलांनी दावणीत खाऊन टाकलेला चारा, त्याला आम्ही चघळ म्हणायचो, तेवढा आई निवडू द्यायची. त्यातली टणक बुडखं वेगळी काढायची. साल सोलली की आत पांढरं भेंड. भेंडाचे तुकडे सालीच्या काड्यांनी जोडायचे, बाभळीचा काटा झाला आस. चाकं फाटक्या रबरी चपलेची, वाटीभोवती कोळशानं आखून विळ्यानं कापलेली. काटा किती दाबला की भेंड फुटतं, हे दहा गाड्या मोडल्यावर बोटांनाच कळलं.

मोडलेली गाडी चुलीत जायची. चाकं मात्र काढून ठेवायची, पुढच्या गाडीला.

त्या दिवसांना कुणी ‘साधेपणाचे सुंदर दिवस’ म्हटलं की मला राग येतो. धाकटी बहीण भुकेनं रडत झोपायची. तसं बालपण कुणाच्याच वाट्याला येऊ नये. पण वस्तू पुरती संपेपर्यंत वापरायची, हे शिकायला दुष्काळच कशाला पडायला हवा?

मी आता राहतो त्या पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान शोधिकेत, अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यावर त्यांनी मुलांना भूमिती शिकवली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि नातवाच्या शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रकल्प आला, तर पालक स्टेशनरीच्या दुकानातून आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्यांची पाकिटं आणत होते. मला फार वाईट वाटलं. यात टाकाऊ काय आहे?

मी गावाहून चार धाटं मागवली. धनकवडीच्या गॅलरीत आम्ही दोघं बसलो. जुन्या चपलेची चाकं त्यानंच कापली. एक वाकडं झालंय, गाडी डावीकडे ओढते. मी नीट करायला घेतलं तर म्हणाला, “आबा, राहू दे. दुसरी करताना मी नीट कापतो.”