तक्रार जिवंत कशी ठेवावी

तक्रार करणं कुणालाही जमतं. ती वर्षानुवर्षं टिकवणं हे खरं कसबाचं काम. नवशिके इथेच फसतात: ज्याच्या हातात उपाय आहे, नेमके त्याच्याकडेच जातात. तो काम करून मोकळा होतो आणि यांच्याकडे बोलायला काही उरत नाही. वरच्या मजल्यावरून पाणी गळतंय? मग ते जिन्यात सांगा, लिफ्टमध्ये सांगा, मावसबहिणीला फोन करून सांगा. वरच्या मजल्यावर मात्र चुकूनही जाऊ नका.

कच्च्या मालाची काळजी नको, तो मेंदू फुकट पुरवतो. मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख माणसाला जास्त लागतं, असं डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं. १९९२ मध्ये त्यांनी हे प्रमाण साधारण सव्वादोन पट असल्याचा अंदाज दिला. तेव्हा बस १० वेळा वेळेवर आली तरी ते मोजत बसू नका. अकराव्या वेळचा उशीर तेवढा जपून ठेवा. सांगताना शब्द मात्र तोलून वापरा. ‘आज बस ७ मिनिटं उशिरा आली’ ही नुसती माहिती झाली, कुणीही पडताळून पाहील. ‘बस कधीच वेळेवर येत नाही’ म्हणा. समोरच्याला मान डोलावण्याखेरीज पर्याय उरत नाही.

श्रोता निवडताना दोन जातींपासून सांभाळा. एक उपाय सुचवणारा. ‘मग तू असं का करत नाहीस?’ असं त्याने म्हटलं की ‘केलं असतं, पण...’ हे उत्तर तयार हवं. वेळ नाही, तब्येत साथ देत नाही, लोक काय म्हणतील, असे तीन ‘पण’ हाताशी असले की पुरतात; चौथा उपाय सुचवण्याचा दम फार थोड्यांत असतो. दुसरा चढाओढ करणारा. तुमची कंबर दुखते म्हणताच त्याच्या मणक्याचं ऑपरेशन निघतं. त्याच्यावर कुरघोडी करायला जाऊ नका, हराल. ‘हो का?’ म्हणा आणि शांतपणे आपल्या कंबरेवर परत या.

सगळ्यात उत्तम श्रोता म्हणजे तुम्हाला न आवडणारा माणूस ज्यालाही आवडत नाही असा. तिसऱ्याविषयीची सामाईक नावड अनोळखी माणसांनाही जवळ आणते, हे २००६ च्या एका अभ्यासात दिसलं. यात धोका एकच: तो तिसरा सुधारला तर तुमची मैत्री अडचणीत येते.

‘बोललं की मन मोकळं होतं’ हे मात्र सगळ्यांना सांगत राहा. २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी विद्यार्थ्यांना चिडवलं आणि काहींना, चिडवणाऱ्याला आठवत, बॉक्सिंगच्या बॅगेवर ठोसे मारायला लावलं. त्यांचा राग उलट वाढला. नुसते स्वस्थ बसलेले जास्त निवळले. तुम्हाला काय टाळायचं ते समजलं असेलच: दोन मिनिटं गप्प बसणं.

लेखी तक्रार शक्यतो नकोच. साधारण ३,७५० वर्षांपूर्वी नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने मातीच्या पाटीवर लिहून आजच्या इराकमधल्या उर शहरातल्या एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला कळवलं, की तांबं हलकं दिलंस आणि माझ्या माणसाचा अपमान केलास. थेट व्यापाऱ्यालाच, तेही मुद्देसूद! तंत्र साफ चुकीचं. तरी ती पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, म्हणजे टिकाऊपणात तो आपल्या सगळ्यांच्या पुढे गेला.

लिहावंच लागलं तर तारीख, बिल नंबर आणि फोटो वगळा. सुरुवात तीन वर्षांपूर्वीपासून करा. एकाच पत्रात आठ विषय कोंबा, म्हणजे ते पत्र कोणत्या विभागाचं हेच ठरत नाही. पत्र वाचणाऱ्या कारकुनालाच ‘तुम्ही सगळे सारखेच’ असं सुनवा. मदत करू शकणारा बहुधा तोच असतो. पैसे परत हवेत, वस्तू बदलून हवी की माफी हवी, हे कुठेही लिहू नका. ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ एवढंच उत्तर येईल आणि त्यावर नवी तक्रार करता येईल.

इतकं करूनही एखादा कामसू माणूस सगळं दुरुस्त करून जातोच. घाबरू नका. ‘एवढं बोलल्याशिवाय होत नाही का?’ याने पहिला आठवडा निघतो, ‘बघू किती दिवस टिकतंय’ याने दुसरा. शिवाय जाताना त्याने दार जरा जोरात लावलं का, तेही ऐकून ठेवा.