ताप नाही म्हणून बुरशीची गोळी बंद करू नका

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: किमो किंवा किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटची बुरशीविरोधी गोळी लिव्हर खराब करते, बुरशी झालेली नसेल तर लगेच बंद करा, नाहीतर स्वस्तातली फ्लुकोनाझोल घ्या. हे चुकीचं आहे, धोक्याचंही.

माझं सात रस्त्याजवळ मेडिकल आहे. परवा अक्कलकोटच्या एका काकांनी पोसाकोनाझोल या बुरशीविरोधी गोळीची न फोडलेली स्ट्रिप काउंटरवर परत ठेवली, म्हणून लिहितोय.

प्रतिकारशक्ती दबलेली असताना बुरशी होऊच नये म्हणून ही गोळी देतात. लिव्हरवर परिणाम होऊ शकतो हे खरं. त्यासाठीच डॉक्टर रक्त तपासत राहतात. पण शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस हे औषध देतात; पोसाकोनाझोलमुळे त्याची रक्तातली पातळी वाढते, म्हणून टॅक्रोलिमसचा डोस आधीच कमी केलेला असतो. गोळी परस्पर थांबवली की ती पातळी घसरते आणि शरीर नवी किडनी नाकारू शकतं. औषधांच्या माहितीपत्रकात या दोन्हींबद्दलची सूचना छापलेली असते. आणि २०२१ मध्ये आपण पाहिलेल्या म्युकरवर (काळ्या बुरशीवर) फ्लुकोनाझोल चालतच नाही.

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा पाठवा.