एरर आला नाही म्हणून उत्तर बरोबर?

‘आर’ या आकडेमोडीच्या प्रोग्रामिंग भाषेत डेटातून हव्या त्या ओळी गाळून घ्यायच्या चार ‘सोप्या युक्त्यां’चा मेसेज सध्या फिरतोय. दोन तालुके हवेत तर तालुका == सी("रावेर", "यावल") लिहा; नको त्या ओळी उणे ‘व्हिच’ने काढा (‘व्हिच’ अट जुळणाऱ्या ओळींचे क्रमांक देतो, उणे लावलं की त्या वगळल्या जातात); रिकाम्या नोंदी (‘आर’मध्ये ‘एनए’) अट लावली की आपोआप जातात; एरर आला नाही तर उत्तर बरोबर. माझ्या भाचीने केळीबागांचा डेटा याच पद्धतीने गाळायला घेतला, म्हणून लिहितोय.

पहिली युक्ती सगळ्यात घातक. == ‘यापैकी कोणताही’ असं विचारतच नाही. ‘आर’ ती दोन नावांची यादी पुन्हा पुन्हा फिरवतो: पहिली ओळ रावेरशी ताडतो, दुसरी यावलशी, तिसरी परत रावेरशी. डेटात रावेर, रावेर, यावल, यावल अशा चार ओळी असतील तर हातात फक्त पहिली आणि चौथी येते. क्रम यावल, रावेर, यावल, रावेर असेल तर एकही नाही! एकूण ओळी विषम असल्या तरच वॉर्निंग येते, सम असल्या तर अर्धा तालुका गुपचूप गायब. इथे ‘या यादीत आहे का’ असं विचारणारं %इन% च लागतं.

उणे ‘व्हिच’ही तसलंच. शून्य वजनाच्या ओळी काढायच्या आहेत आणि डेटात शून्य वजन कुठेच नाही, तर ‘व्हिच’ रिकामं उत्तर देतो. रिकाम्याला उणे लावलं तरी ते रिकामंच, म्हणजे ‘एकही ओळ निवडू नका’ असा अर्थ होऊन अख्खा तक्ता साफ. डेटा जितका स्वच्छ तितका धोका जास्त. त्यापेक्षा !(वजन %इन% 0) लिहा; ! म्हणजे ‘नाही’.

रिकाम्या नोंदींचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. ओळी निवडणाऱ्या ‘सबसेट’ या फंक्शनच्या हेल्प पानावरच लिहिलंय की रिकामी नोंद ‘असत्य’ धरली जाते. ‘डीप्लायर’ या ‘आर’च्या जोड-पॅकेजमधला ‘फिल्टर’ही तेच करतो. पण अट [ ] या चौकटी कंसात लिहिली तर तसं होत नाही. घडाचं वजन 20 किलोंच्या वर असलेल्या ओळी 3 आणि वजनच न लिहिलेल्या 2 असतील, तर कंसातून 5 ओळी निघतात, त्यातल्या 2 पूर्ण ‘एनए’ने भरलेल्या. आणि आपोआप जाणं नेहमी हवंच असतं असंही नाही. ‘फिल्टर’मध्ये रोग != "करपा" लिहिलं की ज्या बागेत रोगाची नोंदच केलेली नाही तीही बाहेर जाते. ती ठेवायची असेल तर पुढे | इज.एनए(रोग), म्हणजे ‘किंवा रोगाची नोंद रिकामी’, जोडावं लागतं.

एररचं तर बोलूच नका. ‘सबसेट’मध्ये चुकून == ऐवजी एकच = टाकलं, तालुका = "रावेर", की तो अट सोडून देतो आणि सगळ्या ओळी परत करतो, ना एरर ना वॉर्निंग. ‘फिल्टर’ निदान अडवतो.

म्हणून गाळण्याआधी आणि नंतर ‘एनरो’ने ओळी मोजा, कुठल्या तालुक्याच्या किती ओळी ते सांगणारं ‘टेबल’ तालुक्यावर चालवा. त्यात युजएनए = "इफएनी" घाला, नाहीतर रिकाम्या नोंदी तिथेही मोजल्या जात नाहीत.