कायम सदस्यत्वाचा वाद आणि दिल्लीतल्या बंद फायली

सप्टेंबरात न्यूयॉर्कला आमसभा भरली, की मायदेशी तो वाद पुन्हा पेटतो. एक बाजू म्हणते, सुरक्षा परिषदेचं कायम सदस्यत्व ताटात वाढून आलं होतं आणि नेहरूंनी ते चीनला देऊन टाकलं. दुसरी म्हणते, असं काही घडलंच नाही, खुद्द नेहरूंनी 27 सप्टेंबर 1955 रोजी लोकसभेत तसं सांगितलंय. दोन्हीकडचे लोक शिकलेसवरलेले आणि दोन्हीकडे मूळ कागद बहुतेकांनी उघडलेला नसतो. इथून काही लिहावं, तर उत्तर ठरलेलं: लंडनमध्ये बसून तुमचं बोलायला काय जातं? जात काहीच नाही, हे मान्य. पण ज्या देशाचा परराष्ट्र व्यवहार एवढ्या तावातावाने चर्चिला जातो, तिथे त्याच व्यवहाराचे कागद कोणी मागत नाही, याची मला मनापासून चीड येते.

आधी 1950 चा कागद पाहू. विजयालक्ष्मी पंडित तेव्हा वॉशिंग्टनला राजदूत होत्या. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी भावाला पत्र लिहिलं, की चीनला कायम सदस्यत्वावरून हटवून तिथे भारताला बसवण्याचा विचार अमेरिकी परराष्ट्र खात्यात शिजतोय. हे त्यांना कोणी सांगितलं, तेही पत्रात आहे. मार्क्विस चाइल्ड्स नावाच्या वजनदार स्तंभलेखकाने आदल्या रात्री सांगितलं, की या बाजूने लोकमत तयार करायला त्या खात्याचे सल्लागार डलेस यांनी त्याला सुचवलंय. पंडितांनी त्याला सबुरीचा सल्ला दिला, कारण भारतात याचं स्वागत होणार नाही. 30 ऑगस्टला नेहरूंचं उत्तर गेलं. आशय असा: भारत या जागेला पात्र आहेच, पण चीनचा बळी देऊन आम्ही तिथे जाणार नाही, तो चीनचा उघड अपमान ठरेल आणि आमचे संबंध तुटतील. पंडितांच्या खासगी कागदपत्रांतून हा पत्रव्यवहार एका संशोधकाने बाहेर काढला आणि 2015 मध्ये वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरने त्याचा निबंध प्रसिद्ध केला.

राजनैतिक इतिहासाची जुनी रीत मंत्री काय म्हणाला आणि तहात काय लिहिलं, एवढंच पाहायची. नवी रीत विचारते: निरोप कोणी आणला? त्याला तो देण्याचा अधिकार होता का? कोणत्या मार्गाने आला? समोरच्याच्या दप्तरात त्याच दिवसाची नोंद काय आहे? हे प्रश्न लावले की ‘देऊ केलं’ आणि ‘नाकारलं’ या दोन्ही शब्दांखालची जमीन सरकते. निरोप आणणारा मुत्सद्दी नव्हता, पत्रकार होता. लेखी प्रस्ताव नव्हता. तरीही चाचपणी खरी होती आणि नेहरूंचा नकारही खरा होता. म्हणजे आपल्याकडच्या दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं यंत्रही कोणी उघडून पाहत नाही. कलम 23 मध्ये पाच कायम सदस्यांची नावंच लिहिलेली आहेत. नाव बदलायचं तर कलम 108 प्रमाणे आमसभेत दोन तृतीयांश मतं हवीत, आणि नंतर दोन तृतीयांश सदस्य देशांची मंजुरी हवी, त्यात पाचही कायम सदस्य आलेच पाहिजेत. 1950 मध्ये चीनची खुर्ची चँग कै-शेकच्या तैवानमधल्या सरकारकडे होती. स्वतःच्या हकालपट्टीवर त्याने सही करायला हवी होती. आणि पेकिंगच्या कम्युनिस्ट सरकारला जागा मिळावी म्हणून जानेवारीपासून बहिष्कार टाकलेला सोव्हिएत संघ 1 ऑगस्टलाच परिषदेत परतला होता, तो ही दुरुस्ती होऊ देणं शक्यच नव्हतं. सनद बदलून परिषद वाढवण्याचं काम एकदाच झालं. आमसभेने 1963 मध्ये ठराव केला, 1965 मध्ये तो अमलात आला, 11 चे 15 झाले, तेही अस्थायी सदस्य वाढवून.

1955 चा कागद याहून बोलका. जूनमध्ये मॉस्कोत सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांनी भारताला सहावा कायम सदस्य करण्याचा विषय काढला. नेहरू म्हणाले, आधी चीनचा प्रश्न सुटू दे, आम्हाला स्वतःला पुढे दामटायचं नाही. त्यावर बुल्गानिन म्हणाले, की तुमचं मत जाणून घेण्यासाठीच आम्ही विषय काढला, ही वेळ नव्हे हे आम्हालाही पटतं. नेहरूंच्या निवडक वाङ्मयाच्या दुसऱ्या मालिकेतल्या 29 व्या खंडात ही नोंद छापलेली आहे. आणि तीनच महिन्यांनी लोकसभेत उत्तर दिलं गेलं, की औपचारिक वा अनौपचारिक असा कोणताही प्रस्ताव आलेला नाही. या दोन कागदांमधल्या फटीत खरा इतिहास आहे.

तो कसा शोधतात? लंडनमधल्या क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, त्याच्या वाचनालयात एका मंगळवारी कोणीही पाहू शकेल. पेन बाहेर, पेन्सिल आत. भारताचा विषय म्हणून परराष्ट्र खात्याची एफओ 371 मालिका मागवणारा नवखा इथेच चुकतो. भारत राष्ट्रकुलात, म्हणून भारताशी पत्रव्यवहार राष्ट्रकुल खात्याकडे, डीओ 35 मध्ये. दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाचं दप्तर डीओ 133 मध्ये. संयुक्त राष्ट्रांचं धोरण मात्र एफओ 371 मध्ये. एकाच तारखेचे तीन गठ्ठे शेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही. फाइल हातात आली की आधी आतलं पत्र वाचायचं नाही, वेष्टनावरची टिपणं वाचायची. कनिष्ठ अधिकारी आधी लिहितो, वरचे त्याखाली सही ठोकत किंवा खोडून काढत जातात. धोरण कुठे वळलं ते त्या उतरंडीत दिसतं. तारेवर पाठवल्याची आणि मिळाल्याची, अशा दोन वेळा असतात. निर्णयानंतर पोचलेली तार निर्णयाचं कारण असूच शकत नाही, पण हे न पाहिल्याने भलेभले फसतात. शेवटी प्रती कोणाकोणाला गेल्या त्याची यादी असते. ज्याचं नाव तिथे नाही, त्याला माहीत होतं असं गृहीत धरू नये. आणि मध्येच पान काढून ‘कलम 3(4) खाली राखून ठेवलं’ अशी चिठ्ठी लावलेली असेल, तर तिचीही नोंद करायची, कारण लपवलेलं कुठे आहे ते तीच सांगते.

इंग्रजांनी सगळंच उघडं ठेवलं, असं मी म्हणत नाही. वसाहतींमधून उचलून आणलेल्या हजारो फायली त्यांनी हॅन्स्लोप पार्क या सरकारी ठिकाणी दडवल्या होत्या. केनियातल्या वृद्धांनी वसाहतकाळातल्या छळाबद्दल खटला भरला तेव्हा 2011 मध्ये त्यांना ते कबूल करावं लागलं. पण कबूल केल्यावर त्या फायली एफसीओ 141 या स्वतंत्र मालिकेत क्यूला आल्या आणि वाचकांना मिळू लागल्या.

मराठी वाचकाला तर हे सगळं अपरिचित वाटायला नको. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये काढला. सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद 45 खंडांत छापले, आणि जदुनाथ सरकारांसोबत पुणे रेसिडेन्सीचा इंग्रजी पत्रव्यवहारही. खर्ड्याच्या आधीची वर्षं अभ्यासायची, तर पुण्याहून इंग्रज रेसिडेंट मॅलेट काय कळवतो आणि निजामाच्या दरबारातून पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे काय लिहितात, हे समोरासमोर ठेवता येतं. वकील, मुनशी, दुभाषे अशा मधल्या माणसांकडे युरोपातल्या विद्यापीठांचं लक्ष आता वळलंय. आपल्याकडे ती माणसं शंभर वर्षांपूर्वीच छापून झाली होती. ज्या समाजाने मोडीतले रुमाल कोठारांतून सोडवून आणले, तो 1950 च्या टंकलिखित फायलींबद्दल एवढा उदासीन कसा?

याची किंमत मोठी आहे. आपले कागद बंद, म्हणून आपला इतिहास लंडन-वॉशिंग्टनच्या कागदांवरून लिहिला जातो. चीनने 2004 पासून उघडलेलं परराष्ट्र खात्याचं दप्तर दशकभरातच पुन्हा बरंचसं मिटवलं, त्यामुळे तो आधारही गेला. इथल्या फायलींत भारतीय मुत्सद्दी मानी, भावनाप्रधान, उपदेश करणारा असा दिसतो, कारण लिहिणारा समोरच्या टेबलावरचा असतो. ती विशेषणं वाचता वाचता वाचणाऱ्याच्या भाषेत शिरतात. मायदेशच्या वादांवर मी चिडतो, त्या चिडीत माझं किती आणि इथल्या जुन्या अधिकाऱ्यांच्या टिपणांचं किती, हे मला दर वेळी सांगता येत नाही.

नियम म्हणाल तर आपले वाईट नाहीत. 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि 1997 चे नियम यांप्रमाणे 25 वर्षांहून जुने, जपण्याजोगे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायला हवेत. प्रत्यक्षात डिसेंबर 2022 मध्ये अभिलेखागाराच्या महासंचालकांनीच जाहीर सांगितलं, की 1962, 1965 आणि 1971 च्या युद्धांचे कागद त्यांच्याकडे नाहीत. 1962 च्या चीन युद्धातल्या पराभवाची चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रूक्स अहवालाबद्दल यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून सप्टेंबर 1963 मध्ये संसदेत निवेदन केलं. तो अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही.

माहितीच्या अधिकाराचं कलम 8(3) वीस वर्षांपूर्वीची माहिती खुली करतं, पण 8(1)(अ) चा अपवाद राखून, आणि परराष्ट्र संबंध नेमके त्या अपवादात येतात. तरी वाट आहे. संसदेतल्या प्रत्येक प्रश्नाची मंत्रालयात फाइल होते: उत्तराचा मसुदा, त्यावरचे बदल, उपप्रश्नांसाठीची टिपणं. 27 सप्टेंबर 1955 च्या उत्तराचा मसुदा कोणी केला आणि मॉस्कोची नोंद त्याच्यासमोर होती का, हे त्याच फाइलीत सापडेल. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर मंत्रालय, विभाग आणि वर्ष टाकून शोधा आणि दिल्लीत जनपथावरच्या अभिलेखागारात मागणीची स्लिप भरा. ती ‘एनटी’, म्हणजे हस्तांतरित नाही, असा शेरा मारून परत आली, तर तो शेरा जोडून परराष्ट्र मंत्रालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा आणि 25 वर्षांची मुदत उलटूनही फाइल का पाठवली नाही, याचं कारण लेखी मागा. हा अर्ज मी करू शकत नाही. त्या कायद्याच्या कलम 3 प्रमाणे तो अधिकार फक्त नागरिकांचा, आणि माझा पासपोर्ट आता दुसरा आहे. तुम्ही करू शकता.