फॉरमॅट करून काय मिळालं असतं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

ग्वाल्हेरच्या एका वाचकांनी मागच्या लेखावर चांगलंच तोंडसुख घेतलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एका मशीनसाठी एवढं पुराण कशाला? पिंग (मशीन उत्तर देतं का हे बघणारी छोटी हाक) लागत होतं, म्हणजे नेटवर्क ठीक. फायरवॉल बंद करायची, पीएसएक्झेक या टूलने दुरूनच कमांड मारायची, नाहीच जमलं तर फॉरमॅट. तासाभराचं काम.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: इंदूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या दुकानांतल्या मशीनवर ऑफिसात बसून, पॉवरशेलने (विंडोजला कमांड द्यायच्या टूलने) बिलिंगचं अपडेट चढवायचं होतं. बाकी सगळीकडे चढलं. सियागंजातल्या दुकानात एकच कॉम्प्युटर. त्याला इन्व्होक-कमांड (दुसऱ्या मशीनवर काम चालवणारी पॉवरशेलची कमांड) दिली की कर्सर नुसता लुकलुकत बसायचा. साधं होस्टनेम विचारलं तरी तेच.

आता साहेब, तुमची फायरवॉल. त्याच मशीनला टेस्ट-डब्ल्यूएसमॅन (पलीकडे दुरून आलेल्या कमांड ऐकणारी सेवा जागी आहे का, एवढंच विचारणारी कमांड) दिलं की झटकन उत्तर यायचं, आणि ते इन्व्होक-कमांडच्याच 5985 पोर्टवरून, म्हणजे त्याच दारातून, जातं. फायरवॉलने अडवलं असतं तर तेही आलं नसतं. उघड्या दाराचं कुलूप फोडून काय मिळणार? शिवाय मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस फाइल शेअरिंगच्या 445 पोर्टवरूनच मशीनमागून मशीन गिळत सुटला होता. दुकानाच्या गल्ल्यावरचं मशीन 'बघू तरी' म्हणून उघडं टाकायला माझा हात धजत नाही.

पीएसएक्झेकची गोष्ट त्याहून मजेची. तो आधी आपली सर्व्हिसची फाइल समोरच्या मशीनवर कॉपी करतो आणि मग ती सर्व्हिस चालू करतो. ती फाइल त्याच रस्त्याने जाणार ना? मग अडकणारही तिथेच.

कारण अडचण रस्त्यातच होती. विंडोजचा पिंग मुळात 32 बाइटचा असतो. सियागंजच्या गल्लीत स्कूटर आत गेली म्हणून भरलेला ट्रकही जाईल, असं कोणी म्हणतं का? इथरनेटवर एका पॅकेटात 1500 बाइट मावतात. त्यातले 28 हेडरला (पत्ता वगैरे लिहिलेल्या भागाला) गेले की पिंगला उरतात 1472. त्या दुकानात ब्रॉडबँड नवं घेतलं होतं, पीपीपीओई नावाच्या जोडणीचं. ते प्रत्येक पॅकेटातले 8 बाइट खातं, आणि त्यावर आमच्या व्हीपीएनचं (ऑफिस ते दुकान या खासगी जोडणीचं) वेष्टन आणखी काही. म्हणून पिंगला 'तुकडे करू नकोस' असा एफचा स्विच लावला आणि एलने लांबी वाढवत नेली. 1372 ला उत्तर आलं, 1472 ला नाही.

खरी मेख पुढे आहे. पॅकेट मोठं झालं तर वाटेतल्या राउटरने 'तुकडे करावे लागतील' असा निरोप परत पाठवायला हवा. तो निरोप आला असता तर पिंगने तसं स्क्रीनवर छापलं असतं. आमच्याकडे नुसतंच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. म्हणजे पॅकेटही गडप आणि निरोपही गडप. पाठवणारा तेच जाड पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि आपल्याला वाटतं मशीन हँग झालंय. टेस्ट-डब्ल्यूएसमॅनचा जाब-जबाब एवढासा, म्हणून तो सुखरूप जातो. इन्व्होक-कमांड मात्र सेशन उघडतानाच भलं थोरलं एक्सएमएल पाठवते.

त्या मशीनचं एमटीयू, म्हणजे एका पॅकेटाची कमाल लांबी, नेटश कमांडने 1400 केलं (1372 अधिक हेडरचे 28) आणि अपडेट चढलं. नंतर राउटरवरच एमएसएस (एका पॅकेटातल्या डेटाची कमाल मर्यादा) कमी करून घेतला, कारण उद्या तिथे दुसरं मशीन आलं तर पुन्हा हेच. आणि फॉरमॅट? कोऱ्या विंडोजचं एमटीयूही 1500च असतं. संध्याकाळभर बिलिंग बंद, प्रिंटरचे ड्रायव्हर शोधा, मालकाची बोलणी खा, आणि शेवटी तोच कर्सर लुकलुकताना बघा.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की तुमच्याकडचंही एक मशीन असंच अडतं. फॉरमॅट केलं की महिनाभर नीट चालतं, मग पुन्हा तेच. मग तुमचा आजार वेगळा आहे, एमटीयूच्या नादी लागू नका. रस्ता खराब असता तर फॉरमॅटनंतर पहिल्या दिवशीही अडलं असतं. पुन्हा अडेल तेव्हा त्या मशीनच्या टास्क मॅनेजरमध्ये डब्ल्यूएसएमप्रोव्हहोस्ट नावाची प्रोसेस दिसते का बघा. दिसली तर सेशन तिथवर पोचलंय आणि कमांड आत कशाची तरी वाट बघतेय. तिच्या पोटात एखादा सेटअप किंवा एमएसआय (विंडोजचं इन्स्टॉलर पॅकेज) चालू असेल, तर तो 'ओके' दाबायची खिडकी उघडून बसला असण्याची दाट शक्यता. ती खिडकी कोणालाच दिसत नाही, कारण दुरून दिलेली कमांड सर्व्हिसेसच्या 'सेशन झिरो'मध्ये चालते, आणि ते विंडोज व्हिस्टापासून वापरणाऱ्याच्या डेस्कटॉपपासून तोडलेलं आहे. एमएसआय असेल तर क्यूएन (खिडकी न उघडता चालवणारा) स्विच लावून बघा. आणि स्क्रिप्टमध्ये विन32-प्रॉडक्ट ही (मशीनवरच्या सॉफ्टवेअरची यादी मागणारी) क्वेरी असेल तर आधी ती काढा: ती यादी देण्याआधी प्रत्येक एमएसआय पॅकेज तपासत बसते, म्हणून जसजशी सॉफ्टवेअरं वाढतात तसतशी रेंगाळते. कोऱ्या मशीनवर ते जाणवतही नाही.

यातलं काय निघालं ते इथेच लिहा. फक्त तोवर पुन्हा फॉरमॅट मारू नका, नाहीतर बघायला काहीच उरणार नाही.