मूल होत नाही म्हणून आलेल्या पुरुषाला त्याचे काम विचारा

माझा भाचा भोसरीजवळच्या एका लहान दुकानात रिक्षा-ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. या चार वर्षांत सूनबाईंच्या सोनोग्राफ्या झाल्या, गर्भनलिकांचा एक्स-रे झाला, थायरॉइड पाहून झाले, नात्यातल्या कोणी नारायण नागबळीही सुचवून पाहिला. भाच्याची वीर्यतपासणी मात्र गेल्या महिन्यात पहिल्यांदा झाली. शुक्राणू कमी आणि त्यांची हालचाल त्याहून कमी, असा अहवाल आला. दवाखान्याच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘खाजगी नोकरी’ एवढेच होते, आणि त्या नोकरीत तो दिवसभर काय हाताळतो हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

मग एका दुपारी मी त्या दुकानात जाऊन बसलो. पळीत शिसे वितळवून प्लेटा जोडायच्या, खराब प्लेटा झटकून बाजूला टाकायच्या, हे काम. करडी पूड फरशीवर, नखांत, भुवयांवर सुद्धा होती. चहा आला तेव्हा त्याने पँटला हात पुसले आणि बिस्किट बुडवले. मालकाने त्याच तळव्यावर तंबाखू मळली. धातूरूपातले शिसे कातडीतून फारसे आत जात नाही, ते श्वासातून आणि तोंडातून जाते, त्यामुळे भट्टीइतकेच ते बिस्किटही महत्त्वाचे आहे.

शिशाचा पुरुषाच्या जननक्षमतेवरचा परिणाम हा काही नवा शोध नाही. बॅटरी कामगारांमध्ये शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि घडण बिघडल्याचे निष्कर्ष १९७५ पासून प्रसिद्ध आहेत. रक्तातले शिसे डेसिलिटरला ४० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेले की हा परिणाम बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो, त्याखाली मात्र पुरावा तितका एकसुरी नाही. शुक्राणूच्या डोक्यात डीएनए घट्ट गुंडाळून ठेवणाऱ्या प्रथिनांना जस्त लागते, आणि शिसे त्या जस्ताची जागा बळकावू शकते. शिवाय ते मेंदूकडून वृषणांना जाणाऱ्या संप्रेरकांच्या आज्ञांत ढवळाढवळ करते. अमेरिकेच्या १९७८ च्या कामगार नियमांत तर मूल हवे असलेल्या स्त्री आणि पुरुष दोघांनीही रक्तातले शिसे ३० च्या खाली ठेवावे, असे म्हटले आहे. पुरुषांचा असा स्पष्ट उल्लेख मला विशेष वाटतो, कारण १९२१ च्या आंतरराष्ट्रीय करारात शिशाच्या औद्योगिक रंगकामाची सरसकट मनाई होती ती फक्त स्त्रियांना आणि अठरा वर्षांखालील मुलांना. बाप्याला काही होत नाही, हा समज इतका जुना आहे.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने शिसेबाधा ही सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातली. पण तीन माणसांच्या दुकानाला कारखाना म्हणतच नाहीत.

मालकाशी बोललो तेव्हा ते म्हणाले, “साहेब, मी पंचवीस वर्षं हेच करतोय, मला दोन पोरं आहेत.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. शिसे हा काही वांझपणाचा शिक्का नव्हे. मात्रा किती, किती वर्षे, पोटात किती गेले, यावर सगळे अवलंबून असते, आणि भाच्याच्या अहवालामागे दुसरेही कारण असू शकते. पण तपासल्याशिवाय ते कसे कळणार?

भाचा सिगारेटही ओढतो. तंबाखूचे रोप जमिनीतले कॅडमियम पानांत साठवते, आणि ओढणाऱ्यांच्या रक्तात ते न ओढणाऱ्यांच्या चार-पाच पट सापडते. प्राण्यांच्या वृषणांना कॅडमियम घातक असल्याचे १९५० च्या दशकातच दिसले होते. माणसांतला पुरावा अजून संमिश्र आहे, तरी सिगारेट सोडायला आणखी कारण कशाला हवे?

सगळ्यात जिवाला लागली ती वेगळीच गोष्ट. अहवाल आल्यावर कोणीतरी त्याला ‘ताकदीची’ पुडी आणून दिली होती, बिनलेबलाची. काही रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेल्या आयुर्वेदिक औषधांत, नागभस्म असते आणि नाग म्हणजे शिसेच, हे आयुर्वेदाचा कोणताही विद्यार्थी सांगेल. त्या पुडीत काय होते मला माहीत नाही. मी ती बंद करायला लावली.

रक्तातले शिसे तपासायला एक नळी रक्त पुरते. ते जास्त निघाले तर पहिला उपाय म्हणजे त्या कामापासून दूर होणे. शरीरातून धातू काढणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेण्याची नव्हेत. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून फेरतपासणी तीन महिन्यांनीच अर्थपूर्ण ठरते. हाडांत मुरलेले शिसे मात्र वर्षानुवर्षे रक्तात झिरपत राहते, त्यामुळे महिन्याभराच्या सुट्टीने भागत नाही.

भाच्याचे रक्त सोमवारी दिले आहे. तोवर तो गल्ल्यावर बसतो, दुकानातच हातपाय धुऊन कपडे बदलतो, आणि मळके कपडे सूनबाईंच्या बादलीत न टाकता वेगळे धुतो. केसपेपरवर ‘खाजगी नोकरी’ खोडून ‘बॅटरी दुरुस्ती, शिसे वितळवणे’ असे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले. रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, रकाना लहान आहे, एवढे मावणार नाही.